आभासी वास्तव आणि सविकल्प अध्ययन

एखादे नवे साधन वर्गात आले की त्याच्याविषयीचे लेखन साधारणतः दोन प्रकारचे होते. एका प्रकारात साधनाचे गुणगान असते, दुसऱ्यात त्याच्या किमतीची आणि दुष्परिणामांची काळजी असते. नभोवाणी, चित्रपट, दूरदर्शन आणि संगणक या चारही साधनांच्या वाट्याला हे दोन्ही प्रकार आले. ‘व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी’ अथवा आभासी वास्तव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या साधनाविषयी आज जे लिहिले जाते तेही बव्हंशी याच वळणाचे आहे. त्यात एक उणीव मात्र ठळकपणे जाणवते. या साधनातून विद्यार्थ्यापुढे जे ठेवले जाते ती एक रचना असते. कोणीतरी ती योजलेली असते. तिला आरंभ आणि शेवट असतो. काय दाखवावयाचे आणि काय वगळावयाचे याची निवड तीत झालेली असते. पाहणाऱ्याने कोठे उभे राहावयाचे हेही तीत ठरवून दिलेले असते. नाटकाची किंवा कादंबरीची समीक्षा ज्या प्रश्नांनी सुरू होते तेच प्रश्न या रचनेलाही विचारता येण्यासारखे आहेत. ते सहसा विचारले जात नाहीत. यंत्राची परीक्षा होते, पाठाची होत नाही.

नावापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. संगणकाच्या क्षेत्रात ही संज्ञा रूढ झाली ती विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात, मुख्यतः जॅरन लेनिअर यांच्यामुळे. परंतु हा शब्दप्रयोग त्यापूर्वीच फ्रेंच नाट्यविचारात येऊन गेला होता. आंतोनँ आर्तो यांचा रंगभूमीविषयक लेखसंग्रह १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रंगभूमी आणि किमया यांची तुलना करताना त्यांनी तो योजला आहे. तेव्हा या शब्दाचे माहेर प्रयोगशाळेत नसून रंगभूमीवर आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. मराठीत ‘आभासी वास्तव’ हा पर्याय आता रुळला आहे. पण तो थोडा फसवा आहे. इंग्रजी ‘व्हर्च्युअल’ या शब्दात ‘नावाने नसले तरी परिणामाने तेच’ असा भाव आहे, तर ‘आभास’ या शब्दाला मिथ्यात्वाचा वास येतो. अर्थात मिथ्या असलेल्या अनुभवातून खरे ज्ञान होऊच शकत नाही, असे आपल्या परंपरेने कधी मानलेले नाही. ब्रह्मसूत्रातील आरंभणाधिकरणावरील भाष्यात शंकराचार्यांनी स्वप्नातील सर्पदंशाचा आणि स्नानाचा दाखला घेतला आहे. जागे झाल्यावर दंशही खोटा ठरतो आणि स्नानही खोटे ठरते. पण ‘असे असे दिसले’ ही जी अवगती झाली, तिचा बाध जागृतीत होत नाही. आभासी पाठाच्या परीक्षेचा प्रश्न याहून नेमक्या शब्दांत मांडता येणे कठीण आहे. हेडसेट उतरवल्यावर दृश्य नाहीसे होते. अवगती कोणती उरते?

यंत्राच्या पूर्वेतिहासात फार शिरण्याचे कारण नाही. मॉर्टन हाइलिग यांना त्यांच्या ‘सेन्सोरामा’ या यंत्राचे पेटंट १९६२ मध्ये मिळाले. दृश्य, ध्वनी, वारा, कंप आणि गंध एकाच बैठकीत देणारे हे यंत्र शिक्षणाच्याही उपयोगी पडेल, असा त्यांचा दावा होता. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ मध्ये एका छोट्या निबंधात अशा खोलीची कल्पना मांडली की जिच्यात संगणकाने दाखवलेल्या खुर्चीवर खरोखरच बसता येईल. आणि १९६८ मध्ये डोक्यावर चढवावयाचे दर्शनयंत्र त्यांनी प्रत्यक्ष बनवून दाखवले. त्यातून दिसत असत त्या केवळ रेषांच्या आकृती. तेव्हापासून आजपर्यंत या साधनाच्या प्रगतीची मोजपट्टी एकच राहिली आहे, ती म्हणजे पाहणाऱ्याला ‘आपण तेथेच आहोत’ असे किती वाटते ही. या भावनेला त्या क्षेत्रात ‘उपस्थिती’ म्हणतात. उपस्थिती वाढली की अध्ययन वाढते, हे गृहीतही तिच्या मागोमाग चालत आले. ऐकण्यापेक्षा पाहणे बरे आणि पाहण्यापेक्षा अनुभवणे बरे, ही जुनी शिकवण त्या गृहीताच्या पाठीशी होतीच.

या गृहीताला पहिला जोराचा धक्का बसला तो एका साध्या तुलनेने. २०१६ मध्ये ‘द बॉडी व्हीआर’ नावाची एक रचना उपलब्ध झाली. तिच्यात प्रेक्षक रक्तप्रवाहातून प्रवास करतो, तांबड्या पेशी प्राणवायू कसा वाहून नेतात ते पाहतो, मग एका पेशीच्या आत शिरतो आणि तिचे घटक विषाणूशी कसे झुंजतात ते निवेदनासह त्याला दाखवले जाते. जोसेलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटाला ही रचना हेडसेटमधून दाखवली. दुसऱ्या गटाला तोच मजकूर संगणकाच्या पडद्यावर साध्या स्लाइडच्या रूपाने दिला. गोडी, उत्साह आणि रस यांबाबत पहिल्या गटाने आपल्या अनुभवाला अधिक गुण दिले. नंतरच्या चाचणीत मात्र दुसरा गट सरस ठरला. गीडो माक्रान्स्की, थॉमस टेर्किल्डसेन आणि मेयर यांचा २०१९ चा अभ्यासही याच दिशेचा आहे. विज्ञानाच्या एका आभासी प्रयोगशाळेचा पाठ ५२ विद्यार्थ्यांना एकदा पडद्यावर आणि एकदा हेडसेटमधून देण्यात आला, तेव्हा हेडसेटने उपस्थितीची भावना वाढली. अध्ययन मात्र कमी झाले, आणि मेंदूच्या विद्युत्-आलेखावरून बौद्धिक भार अधिक असल्याचे दिसले.

हे निष्कर्ष वाचून साधनाला मोडीत काढण्याची घाई काहींना होईल. ती करू नये. पॅरोंग आणि मेयर यांच्या तुलनेत एक गोष्ट सहज नजरेआड होते. स्लाइडच्या गटातील विद्यार्थी स्वतःच्या गतीने पुढे जात होता. हेडसेटमधला विद्यार्थी रचनेच्या गतीने वाहत होता. वाचकाला एखादी ओळ कळली नाही तर तो थांबतो, डोळे मागे नेतो, मनाशी काही जुळवतो. रक्तप्रवाहातल्या प्रवाशाला ती मुभा नाही. तेव्हा हरले ते यंत्र की त्या यंत्रात बसवलेली ही विशिष्ट रचना, हे या तुलनेवरून ठरत नाही. रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असे प्रतिपादले होते की माध्यम हे केवळ वाहन असते. किराणा घेऊन येणाऱ्या गाडीमुळे कोणाचे पोषण होत नाही. रॉबर्ट कोझ्मा यांनी त्यांना उत्तर देताना माध्यमाच्या स्वतःच्या सामर्थ्याची बाजू मांडली. तो वाद अजून मिटलेला नाही. पण क्लार्क यांचे म्हणणे अर्धेच मान्य केले तरी एवढे तरी पत्करावे लागते की गाडीची तपासणी करून किराण्याविषयी काही सांगता येत नाही.

किराण्याकडे पाहू लागल्यावर ‘द बॉडी व्हीआर’ या रचनेतील एक खोल दोष दिसून येतो, आणि तो चाचणीत पकडला जाण्यासारखा नाही. ही रचना प्रेक्षकाला पेशीएवढा लहान करते. तांबड्या पेशीचा व्यास सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर असतो. विषाणू याहून पुष्कळच लहान. बहुतेक विषाणू दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही लहान असतात. पेशीतील प्रथिनांचे रेणू तर आणखी सूक्ष्म. इतक्या सूक्ष्म वस्तूला आपण समजतो त्या अर्थाने रंग नसतो, चकाकी नसते, सावली नसते. म्हणजे प्रेक्षकाला जे दिसते ते कोणी कधी पाहिलेले नाही आणि पाहू शकणारही नाही. ते रूपक आहे. पाठ्यपुस्तकातली आकृतीदेखील रूपकच असते. पण आकृती आपले आकृतीपण लपवीत नाही. तिच्या कडेला नावे लिहिलेली असतात, बाण असतात, एखादा भाग कापून दाखवलेला असतो. वाचणाऱ्याला ठाऊक असते की हे पेशीचे चित्र आहे, पेशी नव्हे. हेडसेटमधली पेशी मात्र प्रेक्षकाला चहूंकडून वेढते आणि हे भान पुसून टाकण्याचा शक्य तितका यत्न करते. तीतली उपस्थिती जितकी गाढ, तितके रूपक अदृश्य. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने शिकावयाच्या गोष्टींत ‘हे आपल्याला कशावरून ठाऊक आहे’ हा प्रश्न पहिला मानला, तर या रचनेने तो प्रश्नच उद्भवू दिला नाही, असे म्हणावे लागते.

येथे मराठी साहित्यविचारातील एका जुन्या सिद्धान्ताची आठवण होणे अपरिहार्य आहे. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांनी वाङ्मयानंदाची उपपत्ती सांगताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली. वाचक कल्पनेने दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो. पण शिरताना तो आपली भूमिका टाकून देत नाही. योग्याच्या निर्विकल्प समाधीत आत्मविस्मरण पूर्ण असते. वाचकाच्या समाधीत दोन्ही भूमिका एकाच वेळी जाग्या असतात, आणि आनंद उपजतो तो या दुहेरीपणातून. या सिद्धान्तावर आक्षेप पुष्कळ घेतले गेले. सर्व वाङ्मयानंदाला तो पुरेसा नाही हे खरेच आहे. शिवाय केळकरांचा प्रश्न आनंदाचा होता, ज्ञानाचा नव्हे. तेव्हा त्यांचा सिद्धान्त जसाच्या तसा अध्ययनावर बसवणे योग्य होणार नाही. पण एका बाबतीत अध्ययनाला तो वाङ्मयाहूनही अधिक लागू पडतो. कादंबरी वाचताना क्षणभर पूर्ण तल्लीन झालेल्या वाचकाचे फारसे काही बिघडत नाही. शिकणाऱ्याचे बिघडते. शिकणे म्हणजे नव्याने आलेली गोष्ट आधीच्या समजुतीशी ताडून पाहणे, आणि ताडून पाहण्यास ती आधीची समजूत घेऊन उभा असलेला कोणीतरी जागा असावा लागतो. हेडसेटच्या निर्मात्यांचे ध्येय निर्विकल्प समाधीचे आहे; विद्यार्थ्याची गरज सविकल्पाची आहे. या दोहोंतील तेढ प्रत्येक आभासी पाठाच्या मुळाशी असते, आणि पाठाचे यशापयश ती तेढ रचनाकाराने कशी हाताळली यावर ठरते.

ही तेढ हाताळण्याची युक्ती संगणक जन्मण्यापूर्वीच सापडलेली होती. एडविन लिंक या अमेरिकी तंत्रज्ञाने १९२९ मध्ये वैमानिकांच्या सरावासाठी एक यंत्र तयार केले. आखूड पंखांच्या लहानशा विमानासारखी दिसणारी ती पेटी जागच्या जागी झुकत असे आणि वळत असे. झाकण लावले की आतल्या शिकाऊ वैमानिकाला बाहेरचे काही दिसत नसे. समोर होती ती केवळ उपकरणे. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या वैमानिकांची मोठी संख्या या पेटीतून शिकून निघाली. या यंत्राविषयी बोलताना पेटीचेच वर्णन बहुधा होते. पण पेटीबाहेर शिक्षकाचे एक मेज असे, त्यावर नकाशा पसरलेला असे, आणि त्या नकाशावरून शाई लावलेले चाक असलेले एक छोटे उपकरण सरकत असे. आतल्या विद्यार्थ्याने ‘विमान’ जसे चालवले तशी रेघ बाहेर कागदावर उमटत जाई. आकाराने खेकड्यासारखे दिसणाऱ्या या उपकरणाला इंग्रजीत ‘क्रॅब’ असेच म्हणत. आत होते ते उड्डाण. बाहेर होती ती उड्डाणाची आकृती. झाकण उघडून बाहेर आलेल्या विद्यार्थ्याला आपण उडालो कसे हे नकाशावर बोट ठेवून पाहता येई. आत असताना ‘आपण सरळ चाललो आहोत’ अशी त्याची खात्री होती. कागदावरची रेघ वाकडी होती. त्या दोहोंतले अंतर हाच धडा होता.

मुलांच्या शिक्षणात हीच युक्ती अधिक सूक्ष्म रूपाने योजली गेल्याचे एक उदाहरण या क्षेत्रातील उत्तम रचनांपैकी एक मानावे लागेल, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात अँड्र्यू जॉन्सन, टॉम मोहर, स्टेलन ओल्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ‘राउंड अर्थ’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. त्याचा वृत्तान्त १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापुढचा प्रश्न खराखुरा होता. पृथ्वी गोल आहे हे वाक्य लहान मुलांना पाठ असते, पण त्याचा अर्थ त्यांनी काय लावलेला असतो? स्टेला वोस्निआडू आणि विल्यम ब्रुअर यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ६० मुलांशी बोलून या प्रश्नाचा शोध घेतला होता. कित्येक मुलांनी मोठ्यांचा शब्द आणि स्वतःचे डोळे यांची तडजोड करून टाकली होती. काहींची पृथ्वी गोल होती, पण थाळीसारखी. काहींची चेंडूसारखी होती, पण पोकळ; माणसे तिच्या आत सपाट जमिनीवर राहत होती. काहींच्या पृथ्व्या दोन होत्या: एक आकाशातली गोल, जिच्याविषयी शिक्षक बोलतात ती, आणि एक पायाखालची सपाट, जिच्यावर घर आहे ती. अज्ञान म्हणून या उत्तरांकडे पाहणे अन्यायाचे होईल. पाहिलेले आणि ऐकलेले यांत मेळ घालण्याचा प्रामाणिक खटाटोप त्यांत आहे, आणि त्यातली कल्पकता एखाद्या पुराणकथेला शोभेल अशी आहे.

अशा मुलाला हेडसेट चढवून अंतराळात न्यावे आणि गोल पृथ्वी दाखवावी, ही युक्ती पहिल्याने सुचण्यासारखी आहे. तिच्यातली अडचणही उघड आहे. दोन पृथ्व्या मानणाऱ्या मुलाला ती आकाशातली पृथ्वी तेवढी दिसेल, आणि त्याची समजूत अधिकच पक्की होईल. उपस्थितीने येथे काहीच साधणार नाही. शिकागोच्या रचनाकारांनी म्हणून एका आराखड्यात पृथ्वी सोडली आणि एक लघुग्रह घेतला. लघुग्रह इतका लहान की थोडे चालले की क्षितिजाआडच्या वस्तूंचे माथे आधी वर येतात, मग त्या पुऱ्या दिसतात; आणि सरळ चालत राहिले की निघाल्या जागी परत येता येते. लघुग्रहाविषयी मुलाची कोणतीच समजूत आधी बनलेली नसते, त्यामुळे तेथे डोळ्यांचे आणि शब्दाचे भांडण नसते. नवी कल्पना परक्या भूमीवर रुजवावी आणि मग ती घरी आणावी, असा हा बेत होता.

परंतु या रचनेचे खरे मर्म दुसरीकडे आहे. पाठ दोन मुलांनी मिळून करावयाचा होता. एक मूल लघुग्रहाच्या पृष्ठभागावर अंतराळवीर होऊन फिरे आणि तेथे विखुरलेली इंधनपात्रे गोळा करी. दुसरे मूल नियंत्रणकक्षात बसून तोच लघुग्रह वरून, गोळ्याच्या रूपात पाही आणि पहिल्याला वाट सांगे. खालच्याला सपाट जमीन दिसत होती, वरच्याला गोळा. खालचा म्हणे, पुढे काही नाही; वरचा म्हणे, आहे, अजून चाल. एकाच्या ‘पुढे’चा दुसऱ्याच्या पडद्यावर ‘खाली’ होई. एकमेकांचे म्हणणे लावून घेतल्याखेरीज काम पुरे होत नसे. काही वेळाने भूमिकांची अदलाबदल होई. केळकरांनी एकाच वाचकाच्या मनात कल्पिलेल्या दोन भूमिका येथे दोन मुलांत वाटून दिल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये भाषेचा पूल टाकला होता. सपाटपणा आणि गोलपणा ही दोन्ही दर्शने खरी असून ती एकाच वस्तूची आहेत, हे कोणी निवेदक सांगत नव्हता. मुलांना ते बोलता बोलता एकमेकांकडून मिळवावे लागत होते. शिवाय पाठ तेथे संपत नव्हता. यंत्राबाहेर आल्यावर साध्या प्रतिकृती हाती देऊन, लघुग्रहावर जे कळले ते पृथ्वीला कसे लागू पडते यावर मुलांशी बोलणे होई. रचनाकारांच्या योजनेत हा टप्पा शेपटासारखा जोडलेला नव्हता. परक्या भूमीवरची कल्पना घरी आणण्याचे काम त्याच टप्प्याने करावयाचे होते.

पृष्ठभागावरच्या मुलासाठी ज्या खोलीचा उपयोग केला ती त्याच विद्यापीठात तयार झालेली होती. भिंतींवर चित्रे प्रक्षेपित होऊन मध्ये उभ्या असलेल्या माणसाला वेढणाऱ्या त्या खोलीचे नाव ‘केव्ह’, म्हणजे गुहा, असे आहे. या नावात प्लेटोच्या गुहेचा संकेत मुद्दाम ठेवलेला आहे. भिंतीवरच्या सावल्यांना सत्य मानणाऱ्या बंदिवानांच्या गुहेचे नाव शिकवण्याच्या खोलीला देणाऱ्यांच्या विनोदबुद्धीला दाद द्यावयास हवी. ‘राउंड अर्थ’च्या रचनाकारांनी निदान एका मुलाला तरी गुहेच्या भिंतीकडे पाठ करून बसवले, हे त्यांचे श्रेय.

या दोन रचना शेजारी ठेवल्या की ‘द बॉडी व्हीआर’चे उणेपण अधिक स्पष्ट होते. तेथे आत जाणारा एकटा आहे, बाहेर कोणी नाही, आणि आत काही करावयाचेही नाही. पॅरोंग आणि मेयर यांनी आपल्या दुसऱ्या प्रयोगात या रचनेत एकच फेरफार केला. पाठाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्याला थांबवले आणि कळले ते स्वतःच्या शब्दांत मांडावयास सांगितले. अशा रीतीने शिकलेला गट सलग पाठ घेणाऱ्या गटापेक्षा चाचणीत पुढे गेला, आणि गोडी अथवा उत्साह यांत त्याने काही गमावले नाही. समाधी मध्येच मोडली तर रसभंग होईल, ही भीती निदान येथे निराधार ठरली.

शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचे उदाहरण या विषयावरच्या लेखनात हमखास येते, आणि ते येण्यासारखेच आहे. येल विद्यापीठात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ शिकाऊ शल्यविशारदांपैकी निम्म्यांना आभासी सराव देण्यात आला. पुढे खऱ्या शस्त्रक्रियेत त्यांनी पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के कमी वेळात केले. सराव न मिळालेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा नको तेथे ऊतक भाजण्याची शक्यता पाचपट होती. पण या सरावात डोक्यावर हेडसेट नव्हता. समोर साधा पडदा होता, त्यावर भौमितिक आकार होते आणि हातात उपकरणे होती. अनुभवी शल्यविशारद जेथवर पोहोचतात ती पातळी आधी मोजून ठेवली होती, आणि ती गाठेपर्यंत शिकाऊ विद्यार्थ्याला सराव करावा लागे. पित्ताशयाचा भास कोठेच नव्हता. आभासी वास्तवाच्या यशाचा म्हणून वारंवार सांगितला जाणारा हा दाखला उपस्थितीच्या सिद्धान्ताला फारसा अनुकूल नाही, हे तो सांगणाऱ्यांच्या लक्षात सहसा येत नाही.

याच्या उलट बाजूचे एक म्हणणे विचारात घेतले पाहिजे. काही विषयांत ताटस्थ्य हेच दूषण ठरते. परक्याचे दुःख, युद्ध, निर्वासितांचे जिणे हे आकृतीत पाहून कळते असे कोण म्हणेल? २०१५ मध्ये निघालेल्या ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ या आभासी चित्रपटात जॉर्डनमधील झातारीच्या छावणीतली बारा वर्षांची सीरियन मुलगी आपले दिवस दाखवते. त्याच वर्षी त्याच्या निर्मात्यांपैकी ख्रिस मिल्क यांनी या माध्यमाला सहानुभूतीचे यंत्र ठरवले. या दाव्यात तथ्यांश आहे. तिच्या खोलीत तिच्या शेजारी, जमिनीवर बसल्यासारखे वाटणे ही लहान गोष्ट नव्हे. पण प्रेक्षक तेथे काही मिनिटे असतो, आणि छावणीतल्या माणसाला जी एक गोष्ट करता येत नाही ती त्याला करता येते: तो निघून जाऊ शकतो. ‘मी तेथे होतो’ ही भावना घेऊन बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याच्या ज्ञानात हा फरक आला नसेल, तर त्याची सहानुभूती अपुऱ्या माहितीवर उभी आहे. करुणरसाच्या चर्चेत प्रेक्षकाचे आणि नायकाचे दुःख एक नव्हे, हे आपल्याकडील आलंकारिकांनी फार पूर्वी ओळखले होते. त्यांच्यापुढे रंगमंचाची कड तरी होती. ती कोठे संपते ते प्रेक्षकाला दिसत होते.

या रचनांची समीक्षा करू जाणाऱ्यापुढे आणखी एक अडचण उभी राहते, आणि ती वाङ्मयसमीक्षकाला अपरिचित आहे. ग्रंथ राहतो, रचना राहत नाही. गूगलने २०१५ मध्ये शाळांसाठी ‘एक्सपिडिशन्स’ ही योजना आणली. पुठ्ठ्याच्या स्वस्त चौकटीत मोबाइल बसवून विद्यार्थी दूरची स्थळे पाहत. शिक्षक आपल्या टॅबलेटवरून त्यांना मार्ग दाखवी, आणि कोण कोठे पाहत आहे हेही त्याला दिसे. तिच्यात बाहेरचा जागता डोळा होता, पण तो एकट्या शिक्षकाचा. विद्यार्थ्याला स्वतःकडे बाहेरून पाहण्याची सोय नव्हती. ही योजना जून २०२१ अखेर बंद झाली. तिच्यातील बरीच दृश्ये त्याच कंपनीच्या कला-संस्कृतीविषयक संग्रहात गेली. पण शिक्षक आणि वर्ग यांच्यामधला तो विशिष्ट संबंध, म्हणजे ज्याला पाठ म्हणावे तो, कोठेच राहिला नाही. आज त्याचे परीक्षण वर्णनांच्या आधारेच करावे लागते. पुठ्ठ्याची चौकट हाती असूनही तिच्यातला पाठ उघडत नाही, ही अवस्था हरवलेल्या नाटकांच्या अभ्यासकांनाच काय ती परिचयाची असेल.

आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शैक्षणिक सामग्रीच्या डिजिटल भांडारात आभासी वास्तवाचा अंतर्भाव केला आहे. तेव्हा हा विषय आता केवळ परदेशातील प्रयोगांचा राहिलेला नाही. खरेदी होईल तेव्हा एका वर्गामागे यंत्रे थोडी असतील आणि विद्यार्थी पुष्कळ, हे सांगावयास भविष्यवेत्ता नको. ही टंचाई दूर कशी करावी याची चिंता सर्वत्र व्यक्त होते. ‘राउंड अर्थ’ची रचना ध्यानात घेतली तर टंचाईचे रूप जरा पालटते. प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक हेडसेट असलेला वर्ग म्हणजे साठ एकटे प्रवासी. दोघांत एक हेडसेट असेल तर एक आत जातो, आणि दुसऱ्यापुढे कागद, नकाशा अथवा आकृती ठेवता येते. आतल्याने काय पाहिले ते बाहेरच्याने विचारून कागदावर उतरवावयाचे, आणि मग जागा बदलावयाच्या. अशा पाठाला यंत्रे निम्मी लागतील. मात्र वेळ दुप्पट लागेल, आणि वेळापत्रक आखणाऱ्यांचा आक्षेप येथेच येईल.

या मांडणीचा आणखी एक परिणाम मराठी माध्यमाच्या वर्गापुरता संभवतो. उपलब्ध आभासी पाठांतील निवेदन बहुधा इंग्रजी असते, आणि भाषांतरित निवेदनाची वाट पाहण्यात वर्षे जातात. दोघांच्या पाठात निवेदकाचा आवाज बंद ठेवता येतो. आतला विद्यार्थी जे पाहतो त्याला शब्द त्यालाच शोधावे लागतात, आणि बाहेरचा ते समजल्याखेरीज पुढे सरकू देत नाही. क्षितिजाआडून वर येणाऱ्या खांबाचा आधी माथा दिसला की बुंधा, हे एक मूल दुसऱ्याला विचारील ते घरच्या भाषेत.